पाण्याची पिंपं

दुसऱ्यांच्या लढाईत पडायचं नाही, असा अमेरिकेचा एकोणिसाव्या शतकात कायदा होता. इथल्या बंदरात जहाज भरून मित्रदेशावर चढाईला पाठवायला बंदी. कायदा कडक, पण बजावणी म्हणजे वरातीमागून घोडं: जहाज निसटल्यावर सरकारी बोट पाठलागाला निघायची. अमेरिकेतल्याच स्टेट कॉलेज नावाच्या गावात राहून मी जी पीएचडी करते आहे, ती या घोड्यावर.

मी मुळात तापट. त्यात एका कस्टम अधिकाऱ्याचा मला भयंकर राग आला होता. त्याने 'शेतीची अवजारं' म्हणून एका जहाजाला परवानगी दिली आणि क्यूबाच्या किनाऱ्यावर त्यातून बंदुका आणि माणसं उतरली. 'निष्काळजी' असं लिहून मी त्याचा निकाल लावून टाकला होता. सोमवारी प्रबंधाचं हे प्रकरण गाइडला द्यायचं होतं.

बाबा तेव्हा माझ्याकडे आले होते. त्यांची सगळी नोकरी कोकणातल्या बंदरांवर, कस्टममध्ये गेली. दिवाळीला आलेला मिठाईचा पुडासुद्धा दारातूनच परत पाठवायचे. मला त्याचा कोण अभिमान! इथे ड्राइव्ह करता येत नाही, म्हणून दिवसभर माझे कागद वाचत बसायचे.

"या जहाजावर खलाशी किती?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"मग पाण्याची पिंपं साठ कशाला? अगं, माणसं लपवता येतात, त्यांची तहान नाही लपवता येत."

पिंपांचा आकडा त्या अधिकाऱ्यानेच समासात लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. मी तो पाहिलाही होता, पण मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

"निष्काळजी माणूस पिंपं मोजत नाही," बाबा म्हणाले. "याला सगळं कळलं होतं. वरून कुणीतरी सांगितलं असणार, जाऊ दे म्हणून."

"बाबा, हे तुम्ही अझ्यूम करताय. प्रूफ काय?"

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "मीही एक गलबत असंच सोडलंय. रजिस्टरात शेरा मारून ठेवला, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर आपण मोकळे. आणि सही केली."

"काय होतं त्यात?"

"उघडून पाहिलंच नाही."

मला संताप आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. लॅपटॉप ओढून मी 'निष्काळजी' खोडलं आणि तिथे 'भित्रा' लिहिलं.

बाबा खुर्चीमागे उभे राहून वाचत होते.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले.