बंद डब्याचा आवाज

कोऱ्या कॅसेटला एक वास असतो. वेष्टनाचा पातळ कागद नखाने सोलला की प्लास्टिकचा, किंचित औषधी, किंचित गोडसर असा तो दरवळतो. आणि आज नुसत्या आठवणीनेही तो आला, की मी नागपुरातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत, ऐंशी सालानंतरच्या एका भाद्रपदातल्या दमट दुपारी जाऊन बसते.

त्या दुपारी आम्ही सुशीलावहिनीची गाणी टेप करणार होतो. वहिनी मौद्याकडच्या एका खेड्यातून दादाशी लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा मी दहा वर्षांची होते. भाकरी थापताना, धुणे वाळत घालताना ती भुलाबाईची गाणी रचायची, कागदावर एक ओळ न लिहिता. आमच्याकडे आश्विनात कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची मातीची मूर्ती मांडतात, घरोघरी फेर धरून गातात, आणि गाणी सरली की घरची बाई झाकलेला डबा कानाशी खुळखुळवते. आतली खिरापत ओळखल्याशिवाय झाकण उघडायचे नाही, हा नेम. वहिनीची गाणी अशी गल्लोगल्ली पसरली, पण ती तिची आहेत हे आमच्या आळीपलीकडे कुणाला ठाऊक नव्हते.

मुंबईच्या एका कॅसेट कंपनीला मीच उत्साहाच्या भरात पत्र धाडले होते. उत्तर आले तेव्हा मी अंगणभर नाचले, आणि मग ते नीट वाचले. गाणी पसंत होती. मात्र ती गाणार होती त्यांची कुणी तयार गळ्याची गायिका.

दादाला त्यात वावगे वाटले नाही. "मोठ्या ठिकाणी जाऊन राहिले गाणे, तर जाऊ दे ना. आपल्याच्यानं होते का हे?" तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कंपनीची कॅसेट दुकानादुकानांत पोचली असती; आमची फार तर ओळखीपाळखीच्या घरांत. वहिनी बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग सूप खाली ठेवून मला म्हणाली, "माह्या गाण्याले दुसरीचं तोंड काहून लावू वं मीने? चुकलं तं माह्याच तोंडानं चुकू दे."

झाले! मी आधीच गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेली. टेलिफोन खात्यातल्या माझ्या पगारातून घेतलेला टेपरेकॉर्डर पाटावर चढला, खिडक्यांवर गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला. आळीतल्या सहा बायका आणि चार मुली त्या कोंडलेल्या काळोखात घामाने निथळत बसल्या आणि मी लाल बटण दाबले. वहिनीचा पहिला सूर थोडा कापरा आला. दुसऱ्या कडव्याला ती माझ्याकडे बघायची थांबली आणि मग आवाज असा मोकळा झाला, की मला तिथेच हुंदका आला आणि मी तोंडात पदर कोंबला. एकामागून एक बारा गाणी झाली, न अडखळता.

आणि मग घात झाला. बारावे गाणे सरले आणि वहिनीने, जन्माच्या सवयीने, मागच्या फडताळातला डबा उचलून खुळखुळवला. मुली ओरडल्या, शेंगदाणे! बायका ओरडल्या, मुरमुरे! बटण बंद करायला टपलेली मी, आजन्म आगाऊ, सगळ्यांहून वरच्या पट्टीत किंचाळले, "फुटाणे!" नेमकी तेव्हाच टेप संपली, खट्ट झाले, आणि तो सगळा गोंधळ गाण्यांमागोमाग टेपवर उतरून बसला. पुन्हा गा म्हणायची माझी छाती झाली नाही. बायका डबा उघडून हसत खात होत्या आणि मी यंत्रावर ओणवी होऊन रडत होते. डब्यात काय निघाले तेही मी पाहिले नाही.

पुढे महिनाभर दोन टेपरेकॉर्डर तारेने जोडून एकेक कॅसेट उतरवली. वेष्टनावर मी निळ्या शाईने 'शब्द, चाल आणि आवाज : सुशीला' असे लिहीत होते, तेव्हा दादा पुढचा कागद कापून देत होता.

कोजागिरीच्या आधी एका संध्याकाळी हिंगण्याच्या कारखान्यातल्या एका कामगाराच्या घरी मी कॅसेट द्यायला गेले, तर ओसरीवरच थबकले. आमची कॅसेट त्यांच्याकडे कुणाकडून तरी आधीच पोचली होती. आत झेंडूचा वास, पिवळा दिवा, आणि भुलाबाईपुढे फेर धरून वहिनीच्या आवाजात आवाज मिसळणाऱ्या अनोळखी पोरी. बारावे गाणे सरले. डबा वाजला. आणि त्या पोरी टेपरेकॉर्डरकडे वळून जीव खाऊन ओरडल्या, "साखरफुटाणे! चिवडा! खोबरं!" खट्ट झाले. मग घरच्या बाईने हसत आपला स्वतःचा डबा उचलला आणि कानाशी वाजवला.

मी धावत सुटले. वहिनीला सांगताना मला धाप आवरत नव्हती. ती चुलीपुढे बसून ऐकत होती, डोळे भरलेले, ओठ दाबलेले. दादाचे खरे होते की आमचे, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आमच्या हट्टापायी किती घरांत ही गाणी पोचायची राहिली असतील! पण त्या संध्याकाळी मला एवढेच विचारावेसे वाटले, की वहिनी, त्या दिवशी डब्यात होते तरी काय?

तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "ओळख."

मी अजून ओळखते आहे.