ओडेट व्हायोलेटच्या सहाशे बारा पाट्या

शनिवारी सकाळी सहाला जंगलातल्या स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्यांच्या, वाटा उघडणार होत्या. त्याआधीच्या मंगळवारी दुपारी ओडेट व्हायोलेट एका फाट्यावर उभी राहून स्वतःच्याच कचेरीला फोन करत होती. समोरच्या खांबावर तिनेच ठरवलेली पाटी होती. केशरी पत्रा, त्यावर चार काळी अक्षरं.

"के चार एम नऊ," ती म्हणाली.

पलीकडे आपत्कालीन कक्षातली टॅमी होती. "सापडलं. बीव्हर ओढ्याचा पूल, उत्तरेकडचा फाटा."

"मी पुलावर नाहीये, टॅमी. इथे ओढाच नाही. पेल्तियेच्या बटाट्याच्या शेताच्या कडेला उभी आहे मी."

"अगं, पण मशीन तर म्हणतंय..."

"मशीन बरोबर सांगतंय. तेच तर झालंय," ओडेट म्हणाली आणि फोन ठेवून परत पाटीकडे बघत राहिली. पूल तिथून सात मैलांवर होता.

अमेरिकेत, कॅनडाच्या सीमेलगतच्या उत्तर मेनमधल्या आमच्या खोऱ्यात हिवाळ्यात माणसं रस्त्यापेक्षा या वाटांवर जास्त असतात. जंगलात फोन लागला तर नुसता आवाज पोचतो, जागा कळत नाही. म्हणून प्रत्येक फाट्यावर खांब आणि खांबावर पाटी. अडकलेल्या माणसाने पाटी वाचायची, कक्षातल्या माणसाने ती संगणकात टाकायची, मदतीला लोक निघतात.

पूर्वी पाट्यांवर साधे आकडे होते, एक ते सहाशे बारा. अकरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत ल्युसियाँ तेरियो नावाचा लाकूडतोड्या जुन्या खाणीच्या फाट्यावर गाडीखाली सापडला. त्याने फोनवर दोनदा सांगितलं, दोनशे चौदा. फोनवर ओडेट होती. शाळेत दोघं एका वर्गात होती, त्यामुळे आवाजही तिने ओळखला. नंबर नीट ऐकला आणि बोटांनी टाकला दोनशे एक्केचाळीस. दोनशे एक्केचाळीस नंबरचा खांबही होताच, एकोणीस मैलांवर. माणसं तिकडे गेली. ल्युसियाँ बर्फात दोन तास पन्नास मिनिटं पडून होता. त्याचा डावा पाय घोट्यापासून कापावा लागला.

चौकशीत लिहिलं गेलं : मानवी चूक, कारवाईची गरज नाही. ओडेट तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती आणि बावीस वर्षं फोन घेत होती. तिने स्वतः अर्ज करून फोन सोडला आणि नोंदींच्या टेबलावर गेली. ल्युसियाँशी ती त्यानंतर चर्चच्या पायऱ्यांवर हवापाण्यापलीकडे कधी बोलली नाही.

नवे नंबर बसवायला तिला दोन वर्षं लागली. आधी तिने अक्षरं काढून टाकली. शून्य आणि ओ सारखे दिसतात, दोन्ही गेले. एक, आय आणि एल गेले. बी, डी, पी फोनवर एकसारखे ऐकू येतात, तेही गेले. स्वर सगळेच गेले, नाहीतर एखाद्या खांबावर शिवी तयार झाली असती. जी आणि जे यांना तिने खास आमच्यासाठी हाकललं. इथली जुनी माणसं एरवी इंग्रजी बोलतात, पण गारठली किंवा घाबरली की फ्रेंचवर येतात, आणि फ्रेंचमध्ये या दोन अक्षरांची नावं बरोबर उलटी वाटतात. अशीच आणखी काही गाळून शेवटी अक्षरं आणि आकडे मिळून सतरा उरले.

पाटीवर ठळक अशी चारच अक्षरं मावत होती. त्यातली पहिली तीन जागेची. चौथं त्या तिघांच्या हिशोबातून निघतं. ओडेट त्याला साक्षीदार म्हणायची. एखादं अक्षर चुकलं किंवा शेजारची दोन उलटी पडली, तर साक्षीदार जुळत नाही आणि संगणक म्हणतो, असा खांब नाही. जिल्ह्याच्या बैठकीत एका सदस्याने विचारलं होतं, "लोकांना सहाशे बारापर्यंत मोजता येत नाही का?"

"येतं की. मलाही येत होतं," ओडेट म्हणाली होती. मग तिने पुढचं एक वाक्य सांगितलं. अडीच तासांच्या बैठकीत तेवढं एकच लोकांच्या लक्षात राहिलं. "चुकीचा नंबर कुठेच पोचता कामा नये; दुसरीकडे पोचला, तर माणूस मरतो."

मंगळवारी पेल्तियेच्या शेताकडेला मात्र बरोबर नंबर दुसरीकडे पोचत होता. तिथून ती थेट नॉर्बर्ट डेशेन यांच्या गॅरेजमध्ये गेली. नॉर्बर्ट म्हणजे या वाटा सांभाळणाऱ्या क्लबचे अध्यक्ष, वय एकाहत्तर, ओडेटच्या आईचे चुलतभाऊ. गाव त्यांना मोनोंक म्हणतं, म्हणजे काका. ते वाटेवरचं बर्फ दाबायच्या यंत्राखाली आडवे होते. बाहेर फक्त बूट दिसत होते.

"मोनोंक, बीव्हर पुलाचा खांब पेल्तियेच्या शेतात कसा आला?"

"चालत," बूट म्हणाले.

"थट्टा नको."

नॉर्बर्ट सरपटत बाहेर आले. "मिशोने यंदा त्याच्या जमिनीतून वाट द्यायला नकार दिला. मग वाट फिरवली. खांब उपटला, नव्या फाट्यावर रोवला. देवदाराचा चांगला खांब, त्यावर चांगली पाटी. टाकून देऊ?"

"मला एक फोन करायचा होतात."

"कशाला? नाव लिहिलेलं आहे ना त्याच्या अंगावर."

"ते खांबाचं नाव नाही. जागेचं आहे!"

"मग जागेच्या अंगावर लिहायचं होतंस, पोरी."

 वाटा इथे लोकांच्या खासगी जमिनींतून जातात आणि मालकाच्या मर्जीवर दरवर्षी सरकतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. खोऱ्यात खिळासुद्धा सरळ करून पुन्हा वापरतात, हेही माहीत होतं. जिभेच्या आणि बोटांच्या सगळ्या चुका तिने धरल्या होत्या. कुदळीची धरली नव्हती.

"असे किती हलवलेत?"

नॉर्बर्टनी भिंतीवरचं चर्चमधल्या बीन्सच्या जेवणाचं पत्रक ओढून काढलं आणि त्याच्या पाठीवर आठवून आठवून लिहिलं. अकरा.

"नक्की अकराच?"

"मी म्हातारा आहे, ओडेट, मूर्ख नाही. बस जरा. प्लॉय खाऊन जा, तव्यावरच आहेत."

तिने कुट्टूच्या पिठाचा तो गरम घावन हातातच गुंडाळला आणि उभ्यानेच खात गाडीकडे गेली.

बुधवारी आणि गुरुवारी ती कचेरीत फक्त नव्या पाट्या छापून घेण्यापुरती बसली. जागा बदलली की जुना नंबर कायमचा बाद, तो पुन्हा कुणालाच द्यायचा नाही; नव्या जागेला नवा नंबर. एकेक खांब गाठायचा, जुनी पाटी काढायची, नवी लावायची, टॅमीला फोन करून वाचून दाखवायची. बरोबर आलेल्या नॉर्बर्टना खांब राहिल्याचा आनंद होता, पण ओडेट पत्रा कापायच्या कात्रीने जुन्या पाट्या मधोमध कापायला लागली की ते तोंड फिरवायचे.

"चांगला पत्रा गं."

"म्हणूनच. अख्खा राहिला तर तुम्ही परत लावाल."

गाडी चालवताना तिची बोटं स्टिअरिंगवर अक्षरं टाकत असायची. पुढच्या ट्रकचा नंबर वाचायचा, साक्षीदार काढायचा, जुळत नाही, पुढचा ट्रक.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत दहा झाल्या. अकरावी ओळ होती, जुन्या खाणीचा फाटा. शुक्रवारी सकाळी दोघं तिथे पोचली तर वाट जुनीच होती, फाटाही तिथेच होता. फक्त खांब नव्हता.

"खांब कुजला होता," नॉर्बर्ट म्हणाले. "नवा माझ्या ट्रकमध्ये आहे."

"आणि पाटी?"

नॉर्बर्टनी टोपी काढून पुन्हा घातली. "ती ल्युसियाँने मागितली. मी दिली. त्याला नाही कसं म्हणायचं? तू म्हणाली असतीस?"

जागा तीच असल्यामुळे नंबरही तोच राहणार होता. त्या नंबरची नवी पाटी तिने तासाभरात छापून आणली. पण एक नाव दोन जागी लटकून चालणार नव्हतं. नॉर्बर्टना गाडीतच बसवून ती एकटी ल्युसियाँच्या दाराशी गेली. पाटी त्याच्या गॅरेजच्या दारावर, छातीच्या उंचीवर, चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली होती.

"ती देणार नाही," ल्युसियाँ दारातूनच म्हणाला. "पाय दिला, पाटी मिळाली. व्यवहार झाला."

"ल्युसियाँ, उद्या इथे कुणी पडलं आणि ही पाटी वाचली तर?"

"इथे कोण पडणार? मीच."

"बरं, तू पडलास."

"मग कुठे जातील तुझी माणसं?"

"खाणीवर. चार मैल."

"म्हणजे मी बरोबर नंबर सांगणार आणि ते दुसरीकडे जाणार."

"हो."

"मागच्या वेळेसारखं."

"हो," ओडेट म्हणाली. "मागच्या वेळेसारखं. तू बरोबर सांगितला होतास. मी उलटा टाकला."

अकरा वर्षांत हे वाक्य तिने अहवालात वाचलं होतं, तोंडाने म्हटलं नव्हतं. ल्युसियाँने तिच्या खिशातून डोकावणाऱ्या कात्रीकडे बोट दाखवलं.

"कापणार?"

"अर्धी ठेव. दोन अक्षरं तुझी, दोन माझी. दोन अक्षरांना कुणी कुठे जात नाही."

"कुठली दोन?"

"तू निवड."

त्याने पहिली दोन ठेवली. मग बूट चढवायला लागला. "खांब नक्की कुठे होता ते नॉर्बर्टला सांगता यायचं नाही. आता सगळं बर्फाखाली असेल. मला माहीत आहे."

त्याला खरंच माहीत होतं. दोन झाडांमधून पावलं मोजत तो एका जागी थांबला आणि काठी रोवली. नॉर्बर्टनी पहार चालवली. खांब उभा राहिला, ओडेटने पाटी बसवली, फोन लावला आणि चारही अक्षरं वाचली.

"खाणीचा फाटा, पूर्व बाजू," टॅमी म्हणाली.

"दे इकडे," म्हणत ल्युसियाँने फोन घेतला. पाटीकडे बघत त्याने मधली दोन अक्षरं मुद्दाम उलटी सांगितली.

"असा खांब नाही. पुन्हा वाचा."

त्याने पहिली दोन उलटी केली.

"असा खांब नाही. पाटी समोर आहे ना तुमच्या?"

त्याने एक अक्षर बदलून पाहिलं, मग दुसरं, मग शेवटची दोन उलटी. तो हसत नव्हता. नाकातून वाफ सोडत एकेक अक्षर सावकाश म्हणत होता, जणू समोरच्याला लिहून घ्यायला वेळ देत होता. पाचव्या वेळी टॅमीचा आवाज चढला. "अहो, असा खांब नाही! कोण बोलतंय तिकडे?"

ल्युसियाँने फोन परत दिला.

"मी आहे, टॅमी," ओडेट म्हणाली. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत ती पाटीच्या आणखी जवळ सरकली.

"संपलं का तुमचं?"

"नाही. आणखी एकदा," ओडेट म्हणाली आणि पाटीवर बोट ठेवून चारही अक्षरं पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.