गोळीनंतरचा अर्धा तास

वर्तमानपत्रात नोकरीला लागण्यापूर्वी, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, मी काही महिने नाशिकच्या एका हिवताप पथकात होतो. काम पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर. हिवतापाचे जंतू जुन्या क्लोरोक्वीनला अजून दाद देतात का, याची चाचणी चालू होती. जिथं ती गोळी हरेल, तिथं नवं औषध वापरून पाहायचं होतं.

रोग्याला तीन दिवस माझ्या हातानं गोळ्या द्यायच्या आणि अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं. तेवढ्यात उलटी झाली तर गोळ्या पुन्हा द्यायच्या. नाही झाली तर कागदावर खूण करायची. सातव्या दिवशी रक्ताचा थेंब काचेवर घेऊन एसटीनं नाशिकला पोचवायचा.

एका पाड्यावर विशीतली सून तापानं फणफणली होती. पहिल्या दिवशी मी समोर बसलो, तर नागली पाखडणारी सासू म्हणाली, "गोळ्या द्यायला आले का सून पाहायला, दादा? तिचं लगीन झालंय."

शेजारच्या बायका हसल्या. मी अंगणाकडं तोंड केलं. तिन्ही दिवस तसाच बसून कोरा चहा प्यालो. सून थोडा वेळ घरामागं जाऊन येई. मी खुणा केल्या.

सातव्या दिवशीच्या काचेवर जंतू दिसले. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं. "गोळी हरल्याची आपल्याकडची पहिली केस," ते हळू म्हणाले. दुसऱ्या दिवशी नवं औषध घेऊन ते स्वतः आले. सुनेला उठवत नव्हतं.

"गोळ्या पोटात राहिल्या होत्या ना?"

सुनेनं सासूकडं पाहिलं. "ऱ्हायल्या कुठं?" सासू म्हणाली. "मागं जाऊन ओकायची."

"यांना का नाही सांगितलं?"

"येवढी वाट तुडवत माणूस औषध घेऊन येतो. त्याच्या तोंडासमोर कसं ओकायचं?"

डॉक्टरांनी कागद पाहिला. तीन खुणा, माझ्या हातच्या.

"तुम्ही कुठं होतात?"

"इथंच. पाठ करून."

त्यांनी तिच्या नावाची ओळ खोडली. नवं औषध बॅगेत परत गेलं.

"मग तिचं काय, डाक्टर?" सासूनं विचारलं. "वाचंल ना?"

"तीच गोळी द्यायची. आधी चार घास खाऊ घाला."

सासूनं पेज भरवली. मग माझं बसायचं पोतं ओढून सुनेकडं वळवलं. मी समोर बसलो. थोड्या वेळानं सुनेच्या कपाळावर घाम आला. तोंडावर पदर धरून ती उठू लागली.

"हितंच ओक," सासू म्हणाली.

ती माझ्यासमोर ओकली आणि मान खाली घालून बसून राहिली. मी घड्याळ पाहिलं, पाणी दिलं, गोळ्या पुन्हा दिल्या. या वेळी त्या राहिल्या. नंतरचे दोन दिवसही मी समोरच बसलो. कोणी हसलं नाही.

आठवड्यानं घेतलेल्या काचेवर जंतू नव्हते. ते सांगायला गेलो तेव्हा सून अंगणात नागली पाखडत होती.