निवडलेली ज्वारी

परभणीच्या प्रयोगशाळेत माझं काम बुरशीच्या जोड्या लावण्याचं. पावसात भिजलेल्या ज्वारीवर दोन बुरश्या येतात आणि मायक्रोस्कोपखाली त्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. एक फारसं विष करत नाही, दुसरीचं विष भाकरीतून पोटात जातं. म्हणून नव्या बुरशीची ओळखीच्या बुरशीशी जोडी लावायची, गाजर घालून केलेल्या खाद्यावर. प्रजाती एकच असेल तर काही आठवड्यांनी निळे-काळे ठिपके उठतात, त्यांतून बीजाणू बाहेर पडतात. नसेल तर प्लेट तशीच राहते. जनुकांची चाचणी हेच लवकर सांगते, पण आमच्या सरांना ठिपके बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आता मलाही तीच खोड लागली आहे.

आई-वडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे राणीसावरगावची काकू. दिवाळीनंतर ती आणि काका ऊसतोडीला जातात आणि हंगामाची ज्वारी घरूनच नेतात. त्या वर्षी कणसं ऐन काढणीत भिजली. भाकरी खाल्ली की दोघांच्या पोटात कळ यायची. मी फोनवर सांगितलं, ती ज्वारी खाणं बंद करा आणि पिशवीभर इकडं पाठवा.

काकूनं पिशवी एसटीतून पाठवली. दाणे तसे बरे दिसत होते, पण ही बुरशी स्वच्छ दाण्याच्या आतही असते. मी कामाला लागले. जनुकांनी कमी विषाच्या बुरशीच्या बाजूनं कौल दिला, पुढं ठिपकेही तिच्याशी लावलेल्या जोडीवरच उठले. मला आनंद झाला. लगेच फोन लावला.

"काकू, घाबरायचं कारण नाही. कमी विषाची निघाली."

"लय बरं झालं बाई. मंग आता ती दुसरी दळायला टाकू का?"

"दुसरी कोणती?"

"गुलाबी पडलेली. तुला निवडून, पाखडून धाडली व्हती. माहेरवाशिणीच्या घरी खराब धाडतेत का कुठं? खराब हाय ती आमच्यासाठी ठिवली."

दळू नका, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाजारातून ज्वारीचं पोतं घेतलं आणि गंगाखेडमार्गे गाव गाठलं. पोतं बघताच काकूनं तोंड फिरवलं. लेकीचं घ्यायचं नसतं, यावर ती अडून बसली. शेवटी मीच म्हणाले, "फुकट देत नाही. तुमची खराब ज्वारी मला कामाला लागते. बदल्यात ही ठेवा." बराच वेळ घोळ घालून ती कबूल झाली. निघताना मात्र म्हणाली, "असली अदलाबदल कुणाला सांगू नको बाई."

प्रयोगशाळेत काकूनं दिलेलं पोतं उघडलं. वर दोन ओंजळी निवडलेली, पांढरी ज्वारी पसरलेली होती. तिच्याखाली सगळी गुलाबी.

दाणे लावले, जोड्या लावल्या. यावेळी ठिपके दुसऱ्या, विषारी बुरशीच्या जोडीवर उठले. काकू आणि काका त्या दिवशी उसाच्या फडात होते आणि बाजारातल्या ज्वारीची भाकरी खात होते.