सात अळ्या

ढोकीजवळचे शरणबसप्पा सव्वीस वर्षं उसाच्या खोडकिड्याच्या जिवावर उठले होते. प्रयोगशाळेत मित्रमाश्या वाढवायच्या आणि शेतात सोडायच्या, ही त्यांची नोकरी. डोळ्यांना जेमतेम दिसणारी ही माशी अळीच्या अंगात अंडी घालते आणि तिची पिल्लं अळीला आतून फस्त करतात. शरणबसप्पांना याचं भारी कौतुक. पंगतीत जेवतानासुद्धा सांगायचे.

निवृत्त झाल्यावर लेकीनं त्यांना पुन्हा कामाला लावलं. राजेश्वरी धाराशिवच्या कॉलेजात गणित शिकवते. अळ्या किती आणि माश्या किती, याच्या समीकरणावर तिचा प्रबंध चालला होता आणि आकडे यायचे अण्णांच्या अर्ध्या एकरातून. अळ्या वाढल्या की माश्या वाढायच्या, माश्या वाढल्या की अळ्या घटायच्या. घटता घटता अळ्या उरल्या सात.

"अण्णा, ह्या सात गेल्या तर माश्या उपाशी मरतील. मग पुढं नुसती शून्यं. दोन वर्षांचं काम मातीत."

झालं! जन्मभर अळ्या मारलेला माणूस आता चिमणी दिसली की टाळ्या पिटत उसात धावू लागला.

अशात येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आली. सगळं गाव शेतात जेवायला. पाहुण्यांना अळीनं वाळलेले पोंगे, म्हणजे उसाचे मधले कोंब, दिसले तर अब्रू जाईल, म्हणून शरणबसप्पांच्या बायकोनं, जगदेवीनं, सकाळीच ते सातही कोंब अळ्यांसकट उपटून चुलीत घातले.

कळल्यावर शरणबसप्पा रडायचेच बाकी राहिले. अंबिलीचा तांब्या तिथंच टाकून ते बांधोबांध फिरले. "तुमच्यात अळी हाय का वो? चारच द्या."

येळवशीला कुणी कुणाला रिकामं पाठवत नाही. भज्जी मिळाली, उंडे मिळाले, अळी मात्र कुणाच्याच उसात नव्हती. शेजारच्या वीरप्पांचे वाळके पोंगे तर सडकेवरून दिसत होते. "आमच्यात? तोंड सांभाळा, पावणं!" म्हणत त्यांनी आणखी भज्जी वाढली.

दुपारी वीरप्पांची बायको प्रेमाबाई झाकलेली परडी घेऊन आली. भाकरीखाली उसाच्या पानात अकरा अळ्या वळवळत होत्या.

"मालकांनी धाडल्यात," ती हळूच म्हणाली. "पर आमच्यातल्या म्हणून कुणाला सांगू नगा."

तेवढ्यात जेवून उठलेले पाहुणे परडीभोवती जमले. "अबब! कुणाच्या उसातल्या वो ह्या?"

जगदेवीनं पदर तोंडाला लावला.

"आमच्याच," शरणबसप्पा परडी पोटाशी धरून म्हणाले. "लई हायत आमच्यात."