अप्पांची हजेरी

अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा कोचीची तिकिटं माझ्या ऑफिसच्या बॅगेत होती. दोन स्लीपर, त्यातला एक खालचा बर्थ. त्यांच्या जुन्या बोटीवरचे निवृत्त नौसैनिक तिथे जमणार होते. बोट केव्हाच भंगारात गेली होती, पण माणसं दर दोन-तीन वर्षांनी भेटत. अप्पा एकदाही गेले नव्हते. आधी माझं शिक्षण, मग आईचं आजारपण.

अप्पा म्हणजे माझे वडील. नौदलात स्टोकर होते. जहाजाच्या पोटात, बॉयलरसमोर त्यांनी पंधरा वर्षं काढली. स्वतःची शाळा चौथीपर्यंत. बोटीवरून घरी, चिपळूणला, पत्र येई आणि शेवटी माझ्यासाठी एकच ओळ असे, 'अभ्यास सोडू नको.' आमच्या घरात पहिला पदवीधर मी झालो, बँकेत लागलो, बदली होऊन लखनौला आलो, ते सगळं त्या ओळीवर. आई गेल्यावर मी त्यांना लखनौत, आलमबागच्या माझ्या घरी आणलं. समुद्रावरचा माणूस मी बस टर्मिनलच्या हॉर्नमध्ये आणून ठेवला, असं मला वाटे. ते म्हणत, "बॉयलर रूमपेक्षा शांत आहे रे."

मेळाव्याचा एक रिवाज होता. जेवणाआधी बोटीवरच्या सगळ्यांची नावं मोठ्याने वाचायची. ज्याचं नाव येईल त्याने 'अबोर्ड' म्हणायचं, म्हणजे बोटीवर आहे. तीनदा पुकारूनही उत्तर आलं नाही, तर पितळी घंटेचा एक टोल द्यायचा आणि पुढचं नाव घ्यायचं. टोल गेलेल्यांसाठी. मागच्या मेळाव्याची पत्रं चिपळूणच्या बंद घरात पडून राहिली. लखनौचा पत्ता कळवायचं काम माझं होतं, ते राहून गेलं होतं. एरवी येता येत नसल्याचं अप्पा पत्राने कळवत; या वेळी तेही नाही, म्हणून त्या लोकांनी अप्पांसाठी घंटा वाजवली.

हे उशिरा हाती आलेल्या एका पत्रातून कळलं तेव्हा अप्पा खूप हसले. "मारून टाकलं लेकांनी! आता जातो आणि समोर उभा राहून सांगतो." पण त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. मोजे नवीन, बॅग नवीन, आणि यादीत आपलं नाव कितवं येईल याचा हिशोब.

मग झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ. डॉक्टर म्हणाले, आलमबाग ते चारबाग स्टेशन ठीक, कोचीचं नाव काढू नका. मी तिकिटं रद्द केली आणि मेळावा भरवणाऱ्या तिकडच्या निवृत्त अधिकाऱ्यांना कळवलं. त्यांचं हिंदीत उत्तर आलं. रविवारी अकरा वाजता हॉलमध्ये फोन असेल, नंबर हा, अप्पांनी लखनौहून त्यावर उत्तर द्यावं. अगदीच बोलता येत नसेल तर मुलाने दिलं तरी चालेल.

हे शेवटचं वाक्य मी मोठ्याने वाचलं आणि अप्पांनी डाव्या हाताने खाटेवर थाप मारली. नाही. मला कारण माहीत होतं. सातवीत असताना मी पोहायला पळालेल्या मित्राच्या नावाला 'हजर' म्हटलं होतं आणि घरी येऊन फुशारकीने सांगितलं होतं. अप्पा तेव्हा रजेवर होते. त्यांनी मला ओसरीवर उभं केलं. "बोटीवर असं केलंस आणि तो माणूस पाण्यात पडलेला असला, तर त्याला शोधायला कोण जाणार? सगळे म्हणणार, आहे की!" दिवेलागणीपर्यंत मी उभा होतो. दुसऱ्या दिवशी गुरुजींपुढे सगळं कबूल करायला लावलं, तेव्हा कुठे मला जवळ घेतलं.

मग घरात सराव सुरू झाला. माझी बायको सब्जी चिरता चिरता एकदम कडक आवाजात त्यांचं नाव पुकारी. अप्पा तोंड वाकडं करून जोर लावत. "अ... अबो..."

"आजोबा, ज़ोर से! इतने में तो जहाज़ चला जाएगा," माझी मुलगी म्हणे. ती मराठी समजायची, बोलायची हिंदीत. अप्पा तिला डाव्या हाताने चापट दाखवत आणि पुन्हा सुरुवात करत. शनिवारपर्यंत दहातून सहा वेळा शब्द पुरा येऊ लागला.

घरी फोन नव्हता, नंबर लागायचा होता. रविवारी मी त्यांना रिक्षाने गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथवर नेलं. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. बूथवाले म्हणाले, "बाबूजी को आराम से बैठाइए भैया, बाकी लोग रुक जाएँगे." काचेच्या केबिनमध्ये स्टुलावर अप्पा मावले. मी निम्मा दाराबाहेर, रिसीवर दोघांच्या कानांच्या मध्ये धरून.

लाइन पहिल्याच झटक्यात लागली. अधिकारी म्हणाले, "बेटा, फोन पकड़े रहना. मैं इसे हॉल की तरफ़ कर देता हूँ." लांबून नावं ऐकू येऊ लागली. कुणाचा खणखणीत 'अबोर्ड', कुणाचा खोकल्यातून. मध्येच तीन हाका आणि एक टोल. प्रत्येक टोलाला अप्पा डोळे मिटत.

मग त्यांचं नाव आलं.

अप्पांच्या मानेच्या शिरा फुगल्या. "अ..." एवढंच. दुसरी हाक. ओठ हलले, आवाज नाही. अधिकारी फोनजवळ आले, हळूच म्हणाले, "बेटा, तू ही बोल दे. यहाँ सब समझते हैं."

एक शब्द होता. माझ्या तोंडात तयार होता. अप्पांनी माझं मनगट धरलं. त्या डाव्या हातात अजून बॉयलरची पकड होती. ते मान हलवत होते.

तिसरी हाक झाली. तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, कुणीतरी खाकरलं, आणि मग सगळा हॉल गप्प झाला. चाळीस-पन्नास म्हातारे लखनौकडे कान लावून थांबले होते आणि मी नुसता रिसीवर धरून उभा होतो.

खट् असा आवाज झाला. लाइन गेली. मी रिसीवर पटकन माझ्या कानाशी नेला. नुसता टोन.

"अबोर्ड," अप्पा म्हणाले.

स्वच्छ. बाहेरच्या बाकावरच्या लोकांनीही वळून पाहिलं. अप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ऐकलं का त्यांनी?

"ऐकलं, अप्पा," मी म्हणालो. "टाळ्या वाजवतायत."

त्यांना बाहेर बाकावर बसवून, "आभार मानून येतो" असं सांगून मी पुन्हा आत शिरलो. सात-आठ वेळा नंबर फिरवला. 'इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं', टेपवरची बाई तेच तेच सांगत राहिली. काचेतून अप्पा दिसत होते. बूथवाले त्यांना पाणी देत होते आणि ते शर्टाची कॉलर नीट करत होते.

त्या आठवड्यात ते नीट जेवले. मुलीला चारदा 'अबोर्ड' म्हणून दाखवलं. मी दुसऱ्याच दिवशी त्या अधिकाऱ्यांना पत्र टाकून खरं काय ते कळवलं, आणि उत्तर बँकेच्या पत्त्यावर पाठवा असं लिहिलं. त्यांनी ते घरच्या पत्त्यावर पाठवलं.

संध्याकाळी बँकेतून आलो तर अप्पा व्हरांड्यात होते. चष्म्याच्या डबीखाली उघडलेला लिफाफा. त्यांनी पत्र माझ्यापुढे केलं आणि वाच, अशी खूण केली. त्यांनी ते आधीच वाचलं होतं हे मला कळत होतं, तरी मी मोठ्याने वाचलं. काहीही न गाळता. आवाज पोहोचला नाही. रिवाजाप्रमाणे घंटा वाजवायची होती, पण कुणाचा हात उठला नाही. यादीत नावापुढे ना 'अबोर्ड' लिहिलं, ना टोलाची खूण केली. जागा कोरी ठेवली आहे. पुढच्या वेळी बघू.

पुढच्या वेळेला दोन-तीन वर्षं होती. पत्राची घडी घालून मी तसाच उभा राहिलो. माफी मागायची होती, पण कशाकशाची ते सांगता येईना. अप्पा रस्त्याकडे बघत होते. बसचे हॉर्न चालू होते.

बऱ्याच वेळाने त्यांनी चांगल्या पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी लगेच बसू शकलो नाही.