माहूरचा सूर्योदय, लातूरचं होर्डिंग

“सूर्य मागं पाहिजे, डोंगर पाहिजेत आणि तिन्ही पोरांचे चेहरे स्पष्ट दिसले पाहिजेत,” सर म्हणाले.

“सर, हे सगळं एकदम जमत नाही.”

“का? कॅमेरा चांगला न्हाई का?”

माहूरच्या एका लॉजच्या ओसरीत आम्ही बसलो होतो. सर म्हणजे लातूरच्या एका कोचिंग क्लासचे मालक. सोबत त्यांचे तीन टॉपर आणि भाड्याने आणलेले तीन कोट-टाय. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला फोटो काढायचा आणि तो लातूरच्या चौकात होर्डिंगवर लागणार. मथळा आधीच ठरला होता: ‘नजर शिखरावर!’

अडचण सोपी होती. सूर्य माणसाच्या मागे असला की त्याला आम्ही बॅकलाइट म्हणतो. कॅमेरा सूर्याला सांभाळतो आणि माणूस काळा ठिक्कर पडतो. चेहरा उजळायचा तर समोरून फ्लॅश मारावा लागतो.

“फ्लॅश नको, लग्नातला फोटो वाटतो,” सर म्हणाले. “आन् काळंबी नको. पोरगं ओळखू आलं न्हाई तर ॲडमिशन कोण घेईल?”

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं: मार्क पोरांचे, रात्री जागल्या पोरांनी, आणि जाहिरात तुमची, हा कुठला न्याय? विद्यार्थी संघटनेत असताना क्लासवाल्यांविरुद्धची पत्रकं मीच लिहायचो. त्यातला एकही शब्द आज मागे घेणार नाही. एकाच पोराला तीन-तीन क्लास आपला टॉपर म्हणतात आणि कोणाला लाज वाटत नाही! पण मी नांदेडच्या ज्या स्टुडिओत कामाला होतो, त्याचे मालक खाजाभाई निघतानाच म्हणाले होते, “बेटा, दोन गिऱ्हाइकं तू भाषण देऊन पळवली. हे तिसरं गेलं तर त्याच्या मागं तू पण जा. फोटू काढ, तकरीर नक्को.”

म्हणून मी लेन्स पुसायला घेतली.

झोपायच्या आधी सरांनी खोलीतल्या टेबलावर तांब्या ठेवला, त्यावर स्टीलचे तीन गिलास एकावर एक उपडे रचले. लातूरकडचा मोठा भूकंप होऊन काही वर्षं झाली होती, तरी आमच्याकडे बऱ्याच घरांत ही सवय होती. जमीन हलली की भांडी पडतात आणि माणूस जागा होतो. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मुदखेडला माझी आत्यासुद्धा तेच करायची.

पहाटे मी बाहेर कॅमेऱ्याचं स्टँड लावून उजेडाचा अंदाज घेत होतो. लॉज माझ्या पूर्वेला, पश्चिमेकडे मोकळा कातळ आणि त्यापलीकडे दरी. इतक्यात खोलीतून धडाधड भांडी पडल्याचा आवाज आला.

“भूकंप! भाइर निघा रे!”

सगळ्यांत आधी सरच बाहेर आले, बनियन आणि लुंगीवर. त्यांच्यामागे चादरी गुंडाळलेले तिघे टॉपर.

“भिंतीपासून लांब! कातळावर व्हा!”

चौघंही कातळाच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि लॉज कधी पडतं ते बघू लागले.

“सर, ऊन आलं! पोरांना कोट घालायला लावा.”

“कोटाचं काय घेऊन बसलास? आत कोणी पाय ठेवायचा न्हाई!”

“सर, मी बाहेरच होतो. जमीन हलली नाही. माझं स्टँडसुद्धा हललं नाही.”

“मग गिलास काय आपल्या मनानं पडले का?”

सूर्योदयाचा तांबूस रंग फार थोडा वेळ टिकतो, मग ऊन पांढरं पडतं. माझी नोकरी त्या पांढऱ्या उन्हाबरोबर जाणार, हे दिसत होतं. आणि तेवढ्यात माझं लक्ष गेलं. सूर्य लॉजच्या छपरावर, माझ्या पाठीमागे. चौघांच्या तोंडावर तांबूस ऊन. त्यांच्या मागे डोंगरांच्या रांगाच रांगा, दरीत धुकं. फोटोत सूर्य येणार नव्हता, पण त्याने चेहरे असे उजळले होते की माझ्या कुठल्याच फ्लॅशला ते जमलं नसतं.

मी कॅमेरा वळवला. त्याच क्षणी खोलीच्या खिडकीतून एक माकड निघालं आणि छपरावर चढलं. हातात टाय.

“सर, माझा टाय!” पहिला आलेला शिरूर अनंतपाळचा पोरगा ओरडला. तिघांच्या माना वर, डोळे मोठे. मी बटन दाबलं.

सरांनी खोली तपासून भूकंप रद्द केला, तोवर ऊन पांढरं फटक झालं होतं.

नांदेडला सर प्रिंट बघायला आले, सोबत त्यांचा पेंटर.

“ह्यात सूर्य कुठाय? कोट कुठायत? आन् मी लुंगीवर का?”

मी तोंड उघडलं. खाजाभाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

पेंटरने प्रिंट उजेडात धरली. “चेहरे बेस हायत, सर. नजर तर लई भारी. बाकीचं मी बघतो.”

“म्हणजे?”

“होर्डिंग ब्रशनंच रंगवायचंय की. कोट घालतो, सूर्य टाकतो, तुम्हाला पँट घालतो. डोंगरावर जरा बर्फ मारतो.”

“माहूरला बर्फ?” माझ्याच्याने राहवलं नाही. “आणि सगळं ब्रशनंच करायचं होतं तर आम्हाला तिकडं नेलं कशाला?”

खाजाभाईंचा पाय आणखी जोरात दाबला गेला.

“बर्फ जास्त मारा,” सर पेंटरला म्हणाले, आणि पुढच्या वर्षीची ऑर्डरही देऊन गेले. माझी नोकरी राहिली.

होर्डिंग लागल्यावर मी मुद्दाम लातूरला जाऊन आलो. निळ्या कोटातली तीन पोरं, शेजारी पँटीतले सर, हिमालयासारखं माहूर, डोक्यावर सूर्य. खाली एक बाई आपल्या मुलाला दंडाला धरून सांगत होती, “बघ जरा, कशी ध्यान लावून बघायलीत लेकरं! न्हाईतर तू!”

ती लेकरं माकडाकडे बघायलीत, हे तिला सांगणं माझं कर्तव्य होतं. मी तोंड उघडलंही. पण त्या पोराने वर पाहिलं आणि म्हणाला, “आई, हे घाबरलेत.”

धंद्यातला धडा एवढाच: होर्डिंगची ऑर्डर आली की आधी पेंटरला भेटावं. डोंगर मग बघता येतो.